शेततळ्यात जिवाणू सोडण्याआधी

पाणी हिरवंगार झालं की दुकानदार बॅसिलसचा डबा पुढे करतो. "तीन दिवसांत नितळ," असंही सांगतो. डबा घ्या, पण तीन दिवसांचं विसरा. हे जिवाणू बहुतेक वेळा शेवाळाला थेट मारत नाहीत. तळाचा कुजका गाळ खातात, शेवाळाचं खाद्य पळवतात, आणि त्याला आठवडे लागतात. गोठ्याचं पाणी किंवा खताचा निचरा तळ्यात येत असेल, तर आधी तो बंद करा. नाहीतर डबा वाया.

मग वाढलंय काय ते बघा. काठी बुडवून काढा. केसांसारखे धागे लोंबले तर जाळीने ओढून काढा, जिवाणू कशाला हवेत? काठीला रंग फासल्यासारखा दिसला तर बरणीभर पाणी रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी वर हिरवी साय आली तर बहुधा नीलहरित शेवाळ. त्यातल्या काही जाती विषारी असतात आणि ते विष उकळूनही जात नाही. गुरांना त्याच दिवसापासून दुसरं पाणी.

तळं मोजल्याशिवाय डोस ठरवू नका. ३०×३०×३ मीटर म्हटलं की लोक २७०० घनमीटर धरतात. बाजू एकास एक उताराच्या असतील तर भरतात २१९६, म्हणजे साधारण २२ लाख लिटर. पाणी दीड मीटरवर आलं असेल तर हजार घनमीटरही नाही. त्या हिशेबात गल्लत झाली तर डोस दुप्पट पडतो.

नुकतंच मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर थांबा, त्याचा फटका जिवाणूंनाही बसतो. डब्यातले जिवाणू गूळपाण्यात भिजवायला फवारणीचं पिंप नको, कितीही घासलेलं असलं तरी. पाणी विहिरीचं घ्या.

तळ्यात मासे असतील तर खरी काळजी प्राणवायूची. कुजणारं शेवाळ तो ओढतं, जिवाणूही ओढतात. आमच्याकडे एकदा रात्री वीज गेली, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद पडला आणि पहाटे रोहू पाण्यावर तोंडं काढून होते. तेव्हापासून जनरेटरमध्ये डिझेल भरलेलं असल्याशिवाय मी डब्याचं झाकण उघडत नाही. ढगाळ दिवस टाळा, खाद्य थांबवा, पहाटे पाचला प्राणवायू मोजा. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्या दिवशी नुसता एरेटर चालवा, डबा तसाच राहू द्या.