रानातलं संशोधन: नोकरी धरण्याआधी काय शिकावं, काय विचारावं

मासे किंवा वन्यप्राण्यांवर संशोधन करायची इच्छा घेऊन येणारी मुलं-मुली मला आधी अस्वलाबद्दल विचारतात, मग सापाबद्दल. हेलिकॉप्टरबद्दल कुणीच विचारत नाही. अमेरिकेत १९३७ ते २००० या काळात वन्यजीव क्षेत्रातली ९१ माणसं कामावर असताना दगावल्याची नोंद एका अभ्यासात आहे. त्यातले दोन तृतीयांश मृत्यू विमान-हेलिकॉप्टरच्या अपघातांत झाले. त्याखालोखाल कारणं होती बुडणं आणि गाड्यांचे अपघात. म्हणून या क्षेत्रात यायचं असेल तर भीतीचा क्रम आधी नीट लावून घ्या.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगते. प्राणिशास्त्र, मत्स्यशास्त्र, परिसरशास्त्र यांपैकी कोणतीही पदवी चालते. अर्ज वाचताना मी पाहते ते वेगळंच: संख्याशास्त्र येतं का, नकाशाचं सॉफ्टवेअर हाताळलंय का, आणि पावसात भिजत भरलेला नोंदीचा कागद दुसऱ्याला वाचता येतो का. हंगामी सहायकाच्या कामापासून सुरुवात करा. जाळी धुणं, खवले गोळा करणं, कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे) हजारो फोटो चाळणं ही कामं कंटाळवाणी वाटतात, पण हातात धरलेल्या माशाची जात त्याच्या परावरून (पोहायच्या पंखावरून) ओळखायची नजर त्यातूनच तयार होते. सोबत दोन प्रशिक्षणं स्वतःहून घ्या: दुर्गम भागातला प्रथमोपचार आणि वाहत्या पाण्यातला बचाव. शक्य असेल तर पहिल्या नोकरीच्या आधीच.

मी नदीतल्या माशांवर काम करते, त्यामुळे पाण्याबद्दल जरा जास्त बोलणार.

गोठायला आलेल्या पाण्यासाठी एक-दहा-एक हा हिशेब पाठ असू द्या. पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट धाप लागते आणि श्वास ताब्यात राहत नाही. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात. शरीर थंड पडून शुद्ध हरपायला जवळपास एक तास लागतो. म्हणजे अनेकांचा घात शरीर थंड पडून नाही, पहिल्या मिनिटात नाकातोंडात गेलेल्या पाण्याने होतो. लाइफ जॅकेट अंगावर हवं ते त्या मिनिटासाठी. होडीच्या तळाशी ठेवलेलं जॅकेट काही कामाचं नाही. वेडर्सवर (पाण्यात उतरायला घालतात त्या छातीपर्यंतच्या जलरोधक पँटवर) कमरेचा पट्टा घट्ट बांधा, नाहीतर पडल्यावर ते पाण्याने भरतात. नदी ओलांडताना पाठपिशवीचे छातीचे नि कमरेचे बंद मात्र सोडून ठेवा, म्हणजे वेळ आली तर पिशवी टाकून देता येते. प्रवाहाने ओढलंच, तर उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवा आणि वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दगडांत अडकलं की पाणी माणसाला पुढे वाकवून खाली दाबतं.

इलेक्ट्रोफिशिंगमध्ये पाण्यात वीज सोडून मासे क्षणभर बधिर करतात. वेडर्सला बारीकसं छिद्र असलं तरी त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. हातात रबरी मोजे हवेत, आणि गटातल्या किमान दोघांना छातीदाब (सीपीआर) देता यायला हवा. बटण दाबून धरलं तरच वीज चालू राहते, ती सोय जीव वाचवण्यासाठी आहे. ते बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारा कुणी दिसला तर काम तिथेच थांबवा, तो तुमचा वरिष्ठ असला तरी.

प्राण्यांच्या मोजणीसाठी विमान खाली आणि संथ उडवावं लागतं. काही बिघडलं तर सावरायला वैमानिकाकडे उंचीच उरत नाही. म्हणून हवामान, थकवा किंवा नुसती मनातली शंका, कशावरूनही गटातला कोणीही ‘आज नको’ म्हणू शकतो, आणि त्याला कारण विचारायचं नाही.

प्राणी हाताळणाऱ्यांसाठी: अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ एरिक यॉर्क यांनी २००७ मध्ये एका मेलेल्या प्यूमाचं (अमेरिकेतल्या मोठ्या रानमांजराचं) शवविच्छेदन केलं. काही दिवसांतच ते प्लेगने गेले. निदान झालं ते मृत्यूनंतर. मृत प्राण्याला हात लावण्याआधी मोजे, मास्क आणि डोळ्यांचं संरक्षण हवंच. शिवाय कोणत्या प्राण्यांशी संपर्क येतो हे लिहिलेलं कार्ड खिशात ठेवा आणि ताप आला की डॉक्टरांसमोर धरा. मोठ्या प्राण्यांना बेशुद्ध करण्यासाठी वापरतात त्यातली काही औषधं थेंबभरही माणसाचा जीव घेऊ शकतात. उतारा हाताशी आणि तो टोचता येणारा माणूस शेजारी नसेल तर डार्ट (दुरून मारायची औषधाची सुई) भरू नका.

संपर्काची साधनं अंगावर बाळगा, पिशवीत नको. पिशवी वाहून जाते. ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र, ‘मदत पाठवा’ आणि तुम्ही कुठे आहात एवढंच सांगतो. सॅटेलाइट मेसेंजरवर काय झालंय ते लिहिता येतं. दोन्हींना मोकळं आकाश लागतं, अरुंद घळीत दोन्ही अडतात. त्यामुळे मागे ठेवलेला कागदच शेवटी जास्त भरवशाचा: मार्ग, गाडी कुठे लावली, तंबूचा रंग, परतीची वेळ, आणि किती वाजता शोध सुरू करायचा ती वेगळी वेळ. तो कागद एकाच जबाबदार माणसाकडे द्या. दहाजणांना कळवलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कोणी बघेल.

मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात, तेव्हा हे विचारा. मी ठरलेल्या वेळेला परतले नाही तर कोण, किती वेळाने निघेल? रात्रभराच्या सर्वेक्षणानंतर गाडी कोण चालवतं? एकट्याने काम करावं लागतं का? सुरक्षेची साधनं संस्था देते की आपली आपण आणायची? ज्या संस्थेत याची उत्तरं ठरलेली असतात, तिथे ती लगेच आणि नेमकी मिळतात. ‘आजवर काही झालं नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर पगार चांगला असला तरी ती जागा सोडा आणि दुसरीकडे अर्ज करा.