निघण्याआधी हवामानाच्या ॲपमध्ये चिन्ह नको, तास बघा

ढग-थेंबांचं चिन्ह दिसलं की बेत रद्द, सूर्य दिसला की छत्री घरीच. फसगत इथेच होते. अख्ख्या दिवसाला एकच चिन्ह असतं. संध्याकाळच्या तासाभराच्या सरीमुळेही सकाळची फेरी उगाच बुडते. म्हणून तासागणिक अंदाज उघडा आणि जाण्याचे व परतण्याचे तास तेवढे बघा.

तासासमोर लिहिलेले ४०% म्हणजे ४०% वेळ पाऊस नव्हे. त्या ठिकाणी, त्या तासात मोजण्याइतका पाऊस पडण्याची ती शक्यता. किती पडेल हे टक्के सांगत नाहीत, त्यासाठी मिलिमीटर बघा. ८०% आणि ०.३ मिमी असेल तर साधं जाकीट पुरतं. ४०% आणि ८ मिमी असेल तर दुचाकी काढण्यापूर्वी विचार करा. १ मिमी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी.

निघायला अर्धा-पाऊण तास उरला की रडार, म्हणजे पाऊस कुठे आहे ते दाखवणारा नकाशा, लावा. मागच्या तासाभराची हालचाल पुढे-मागे करून पावसाचा पट्टा कुठे सरकतोय ते पाहा. बऱ्याचदा वीस मिनिटं थांबलं की काम होतं. वळिवाच्या सरींना मात्र हा हिशेब लागू पडत नाही, त्या जागच्या जागी उगवतात आणि विरतात.

आणखी एक, फारच साधं: विजेटवरचं, म्हणजे फोनच्या पडद्यावरच्या हवामानाच्या चौकटीतलं, गाव आणि 'अपडेट' झाल्याची वेळ तपासा. लोकेशन किंवा बॅकग्राउंड डेटा बंद असेल तर कालचाच अंदाज कालच्याच गावाचा दिसत राहतो.