लोहगावावरचं लष्करी विमान मूळचं प्रवासी आहे का, ते ओळखायची रीत

पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, आणि प्रवासी विमानंही तिथूनच उडतात. त्यामुळे इंडिगोच्या मागोमाग करड्या रंगाचं काहीतरी येताना धानोरी किंवा वाघोलीच्या गच्चीवरून सहज दिसतं. बहुतेक जण रंगावरून अंदाज बांधतात आणि तिथेच फसतात. करडा रंग कुठल्याही विमानाला देता येतो, आणि हवाई दलाची काही विमानं पांढरीशुभ्र असतात. आधी पंख, मग पोट, मग शेपूट, या क्रमाने बघा. उतरणारं विमान डोक्यावरून जाताना वेळ फार मिळत नाही.

पंख खाली की वर? प्रवासी जेटचे पंख पोटाशी असतात, त्यांच्या वर प्रवाशांची फरशी, आणि फरशीखाली सामानाचा कप्पा. मालासाठीच घडवलेल्या सी-१७, सी-१३०जे, आयएल-७६ यांचे पंख छताला असतात, म्हणून पोट जमिनीलगत ठेवता येतं. सी-१३०ची फरशी जमिनीपासून जेमतेम १ मीटर वर असते, ट्रकचा हौदा सरळ तिला लावता येतो. बोइंग ७३७ या प्रवासी जेटची फरशी अडीच मीटरच्याही वर. साहजिकच प्रवासी विमानापासून केलेल्या मालवाहू विमानात जीप चालवत नेता येत नाही. बाजूला मोठा दरवाजा कापायचा, फरशी मजबूत करायची, तिच्यावर रोलर बसवायचे आणि माल चढवायला दरवेळी उचलगाडी आणायची. अमेरिकी नौदलाचं सी-४० हे ७३७-७०० पासून असंच बनलं: ८ लष्करी पॅलेट (माल बांधून चढवायच्या सपाट फळ्या), नाहीतर १२१ माणसं. एका पॅलेटचं माप २.७४ गुणिले २.२४ मीटर, भार कमाल साधारण साडेचार टन. गाडी चढवायची नसेल, माणसं आणि खोकी न्यायची असतील, तर हा सौदा स्वस्तात पडतो.

आता ७३७ ओळखायला शिका, कारण आपल्याकडचा निम्मा गोंधळ त्याच्यावरूनच होतो. इंजिनाचं तोंड खालून चपटं असतं, एअरबस ए३२०चं गोल. शेपटीचा उभा पंख बुडाशी मोडून पुढे उतरत येतो. आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे उड्डाणानंतर चाकं आत गेली तरी पोटावर दोन काळी वर्तुळं दिसत राहतात, कारण ७३७च्या मुख्य चाकांना पूर्ण झाकण नसतंच. एवढं जमलं आणि अंगावर कुठल्या कंपनीचं नाव नसेल, तर शेपटीकडचा क्रमांक बघा. के ५०१२ ते के ५०१४ ही हवाई दलाची अतिविशेष व्यक्तींसाठीची ७३७ आहेत. यांचं धड ७३७-७०० चं, पंख ७३७-८०० चे, आणि पंखांची टोकं वर वळलेली.

टोकं वर वळलेली नसून नुसती मागे झुकलेली असतील, बाजूला खिडक्यांची रांग नसेल आणि शेपटीतून एक दांडा मागे निघालेला असेल, तर ते नौदलाचं पी-८आय. हेसुद्धा ७३७च, पण काम पाणबुड्या शोधायचं. तो दांडा चुंबकीय क्षेत्रातला फरक टिपतो. वाहतुकीच्या यादीत याला धरू नका.

एम्ब्रेअर या ब्राझीलच्या कंपनीच्या विमानांचंही तसंच. मागे दोन इंजिनं, टी आकाराची शेपूट, बारीक धड: हे माणसं नेणारं लेगसी. त्याच घराण्यातल्या विमानाच्या पाठीवर लांब तुळई दिसली तर ते ‘नेत्र’, म्हणजे टेहळणीचं विमान.

पंख्याच्या (प्रोपेलरच्या) विमानांत मात्र वरचा पंखांचा नियम नेहमी चालत नाही. हवाई दलाचं एएन-३२ घ्या. वर पंख, मागे माल चढवायचा उतार, अस्सल लष्करी तोंडवळा. पण याचा आजा म्हणजे एएन-२४, साधं प्रवासी विमान, १९५९ मध्ये पहिल्यांदा उडालेलं. त्याची मागची बाजू कापून उतार बसवला तेव्हा एएन-२६ झालं, आणि त्याला जास्त ताकदीची इंजिनं लावून एएन-३२. इंजिनं पंखाच्या वर का चढवली आहेत, हे लोक नेहमी विचारतात. पंखे ४.७ मीटर व्यासाचे आहेत; खाली ठेवले असते तर जमिनीशी अंतर उरलं नसतं. लेहसारख्या उंच ठिकाणी विरळ हवेत उडायचं तर एवढी ताकद लागतेच.

उलट जुन्या अ‍ॅव्रोचे पंख खाली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) वाहतुकीची अशी ८९ विमानं बांधली, तीच हवाई दलात आणि तीच इंडियन एअरलाइन्समध्ये. त्यांच्या जागी येणारं सी-२९५ आणि प्रवासी एटीआर-७२ यांत नवखे हमखास गोंधळतात: दोघांचे पंख वर, दोघांच्या पंख्यांना सहा पाती. शेपटीचा आडवा पंख उभ्या पंखाच्या टोकावर असेल तर एटीआर, खाली धडाजवळ असेल तर सी-२९५.

दुर्बीण ८×४२ ची पुरे. ती फक्त घराच्या गच्चीवर वापरा. तळाच्या भिंतीलगत उभं राहायचं नाही, आणि विमानतळावर फोटो काढायला मनाई आहे. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये लष्करी विमान पुष्कळदा दिसतच नाही, म्हणून अ‍ॅप रिकामं असलं की काही उडतच नाही असं समजू नका.

यातलं काही जवळून बघायचं असेल तर गोव्यात दाबोळीचं नौदल विमान संग्रहालय गाठा. तिथे सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं प्रवासी विमान उभं आहे: एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि १९७६ मध्ये तिथून नौदलाकडे गेलेलं. आधी खिडक्यांची रांग बघा, मग नंतर काय काय चिकटवलं ते शोधा.