स्टिरिओ बदला, पण स्टिअरिंगवरची बटणं मरू देऊ नका

पुण्यात नाना पेठेत एका दुकानात गाडीसाठी नवा अँड्रॉइड स्टिरिओ घेतला आणि विचारलं, "बसवून किती वेळात द्याल?" काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "अर्धा तास, ताई. कंपनीचा प्लग कट करायचा, तारा पिळायच्या, टेप मारायची." स्टिअरिंगवरच्या बटणांचं काय, असं विचारल्यावर त्यानं मलाच विचारलं, "ती वापरतं कोण?"

मी वापरते. वारजे ते भोसरी, रोज. बायपासवर डाव्या बाजूनं डंपर चाललेला असताना आवाज कमी करायला स्क्रीन चाचपडत बसायची माझी तयारी नाही. खोकं उचलून घरी आले आणि दोन रविवारांत काम स्वतः केलं. कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असल्यामुळे मल्टिमीटर माझ्या हातातला आहे. तुमच्या नसला तर तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, साधासा मिळतो. त्याशिवाय हे काम हातात घेऊ नका.

पहिला रविवार गेला नुसता कागद-पेन घेऊन गाडीत बसण्यात. जुना स्टिरिओ काय काय करतो ते लिहून काढायचं. गाणी वाजवतो एवढंच आपल्या लक्षात असतं. माझ्या २०१७च्या हॅचबॅकमध्ये तो स्टिअरिंगची सहा बटणं वाचत होता, मागचा कॅमेरा दाखवत होता, छतातल्या माइकवरून फोन घेत होता, हेडलाइट लावले की स्क्रीन मंद करत होता. पार्किंग सेन्सरची टीं-टीं कुठून येते ते पाहायला स्टिरिओ बंद करून रिव्हर्स टाकला. आवाज आला, म्हणजे सेन्सरचा बझर वेगळा. तुमच्याकडे आवाज गेला तर तो स्टिरिओतून येतो, आणि नव्या युनिटनं तो द्यायला हवा. गाडीच्या सेटिंग, दार उघडं असल्याची सूचना, एसीचं तापमान हेही त्याच स्क्रीनवर दिसत असेल तर ही माहिती कॅन बसवरून, म्हणजे गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात त्या तारांवरून, येते. अशा गाडीला तिच्या मॉडेलचा, वर्षाचा आणि व्हेरियंटचा कॅन डीकोडर, म्हणजे ते बोलणं नव्या स्टिरिओला समजावणारी डबी, लागतो. तो मिळत नसेल तर स्टिरिओ बदलायचा नाद सोडा.

घेताना माप बघा. टू-डिनचा, म्हणजे दुप्पट उंचीच्या स्टिरिओचा, खाचा १७८ बाय १०० मिलिमीटरचा, काही गाड्यांत २०० बाय १००चा. नऊ इंची स्क्रीनला गाडीप्रमाणे फ्रेम लागते. स्टिरिओइतकाच महत्त्वाचा आहे कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगमध्ये सरळ बसणारं वायरिंग. त्यामुळे गाडीची एकही तार कापावी लागत नाही, वॉरंटीच्या वेळी वाद होत नाही, आणि उद्या जुना स्टिरिओ परत बसवायचा तर दहा मिनिटांचं काम. "सगळ्यांना चालतो" असा कपलर कोणी दिला तर परत करा.

उघडण्याआधी इग्निशन बंद करून दहाच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि दहा मिनिटं चहा घ्या. हे एअरबॅगसाठी. पिवळ्या वेष्टनातल्या तारा आणि पिवळे प्लग एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. स्टिरिओभोवतीच्या पट्टीत बऱ्याचदा हॅझर्डचं बटण आणि एअरबॅगचा दिवा असतो. ते सोडवलेले असताना चावी फिरवली तर डॅशबोर्डवर एअरबॅगची खूण पेटून बसू शकते, मग ती घालवायला सर्व्हिस सेंटर. पट्टी काढायला स्क्रू ड्रायव्हर नको, प्लास्टिकचं चपटं हत्यार वापरा आणि कडेला मास्किंग टेप लावा. स्क्रू डबीत ठेवा. गिअरच्या फटीत पडलेला एक स्क्रू शोधायला मला चिमटा, टॉर्च आणि भाचा लागला.

नव्या युनिटच्या तारांचे रंग साधारण ठरलेले असतात. पिवळी कायमचे १२ व्होल्ट, लाल चावी फिरवल्यावरचे, काळी अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह), केशरी लाइटची. पांढरी जोडी पुढचा डावा स्पीकर, करडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा. काळी रेघ असलेली निगेटिव्ह. पण गाडीच्या बाजूचे रंग गाडी बनवणाऱ्याच्या मर्जीचे. मीटर लावून बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवू नका. काही गाड्यांत पिवळी-लाल उलट असतात, मग दर वेळी चावी काढली की स्टिरिओ सगळं विसरतो.

याहून वाईट म्हणजे लाल तारही कायमच्या पुरवठ्याला जोडणं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी गाडीत स्टिरिओ बाहेरून बसवून आणलेला. गणपतीत ते रेल्वेनं कोकणात गेले, पाच दिवसांनी आले तर स्टार्टर नुसता कट-कट. स्टिरिओ झोपतच नव्हता. मी मोजलं तेव्हा ०.४ अँपिअर ओढत होता, म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तास, आणि बॅटरी ३५ची. म्हणून काम झालं की बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि त्यावरून सोडवलेली तार यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर जोडा, गाडी लॉक करा, अर्धा तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली उतरायला हवा. मीटर असा जोडलेला असताना गाडी सुरू करायला जाऊ नका, मीटरचा फ्यूज जाईल.

आता बटणं. माझ्यासारख्या बऱ्याच गाड्यांत सहा बटणांना सहा तारा नसतात, एक किंवा दोनच असतात. प्रत्येक बटणामागे वेगळा रेझिस्टन्स. बटण दाबलं की त्या तारेवरचं व्होल्टेज ठरावीक आकड्यावर येतं आणि स्टिरिओ आकड्यावरून बटण ओळखतो. जुना स्टिरिओ काढल्यावर ती तार आणि तिची अर्थ यांच्यामध्ये मीटर ओमवर लावा आणि एकेक बटण दाबा. दर बटणाला वेगळा, स्थिर आकडा आला की तार सापडली. ती नव्या युनिटच्या की-१ लिहिलेल्या तारेला, दुसरी असेल तर की-२ला जोडा. मग सेटिंगमधल्या स्टिअरिंग लर्निंगमध्ये जाऊन स्क्रीनवर काम निवडा, गाडीचं बटण दाबून धरा, पुढचं.

मी इथे फसले. बटणांची अर्थ म्हणून स्टिरिओच्या पट्टीचा जवळचा स्क्रू पकडला. दिवसा सगळं छान. संध्याकाळी हेडलाइट लावले आणि 'पुढचं गाणं' दाबलं की आवाज वाढायचा! स्क्रूखाली रंग होता, अर्थ कच्ची होती. दिव्यांचा करंट तिथूनच परतत असल्यानं व्होल्टेज थोडं सरकायचं आणि स्टिरिओला शेजारचं बटण वाटायचं. स्टिअरिंगच्या तारांसोबत आलेली तिची स्वतःची अर्थ जोडली, बटणं पुन्हा शिकवली, त्रास संपला. शिकवताना हेडलाइट आणि एसी सुरू ठेवा, दोष असेल तर तिथेच दिसेल.

कॅमेऱ्याचं दुखणं वेगळं. कंपनीचा कॅमेरा कधी कधी ६ व्होल्टवर चालतो आणि ते त्याला जुना स्टिरिओच पुरवत असतो. नवीन युनिटची तार १२ देते. सरळ जोडली तर कॅमेरा जळू शकतो. जुना स्टिरिओ जोडलेला असतानाच रिव्हर्स टाकून कॅमेऱ्याच्या प्लगवर मोजून घ्या. माझ्याकडे ६ निघाले, तपकीर गल्लीतून ७८०६ नावाचं, १२चे ६ व्होल्ट करणारं तीन पायांचं रेग्युलेटर आणलं. हँडब्रेकची तार दुकानवाले सर्रास थेट अर्थला देतात म्हणजे चालत्या गाडीत व्हिडिओ दिसतो. मी ती हँडब्रेकलाच दिली.

माइक, यूएसबी आणि जीपीएस फार त्रास देत नाहीत. मूळ माइक जुळला नाही तर सोबत आलेला माइक पुढच्या काचेशेजारच्या खांबाच्या पट्टीत सरकवा. डॅशमधल्या मूळ यूएसबीला वेगळी केबल लागते, ती कपलरबरोबरच मागून घ्या. जीपीएसचा अँटेना डॅशवर काचेजवळ ठेवा, स्टिरिओच्या पाठीमागे कोंबू नका.

एफएमला मात्र एक मेख आहे. छतावरच्या आखूड अँटेनात अँप्लिफायर असतो, त्याला निळ्या तारेतून १२ व्होल्ट लागतात. ती सुटी राहिली तर शहरात १०१ विविधभारती लागते, म्हणून कळतच नाही, पण खेड शिवापूरच्या पुढे नुसती खरखर. डॅश बंद करण्याआधी खेड शिवापूरच्या पुढे एक चक्कर मारा. हेडलाइट लावल्यावर स्क्रीन डोळ्यांत खुपली तर केशरी तार राहिली आहे.

बाबांचं मात्र वेगळंच. त्यांना लागतं आकाशवाणीचं पुणे केंद्र, मध्यम लहरीवर, ७९२ किलोहर्ट्झ. बरीच नवी युनिट मध्यम लहर देतच नाहीत, म्हणून घेतानाच दुकानात लावून बघितलं होतं. तरी पहिल्या दिवशी मागच्या सीटवरून आलंच, "अगं, जुन्यावर निवेदकाचा आवाज यायचा, याच्यावर माशा घोंगावतायत." अर्थ पुन्हा तपासली, अँटेनाचा प्लग काढून बसवला. शेवटी लायटरच्या सॉकेटमधला डॅशकॅमचा स्वस्त चार्जर उपसला आणि पुणे केंद्र स्वच्छ लागलं. आता बाबा गाडीत बसले की डॅशकॅम बंद.