व्हेलोसेट व्हेनमला किक कशी मारायची, आणि गुडमन लोकांनी ती गाडी तशी का केली

जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटवर पाय बसलेली माणसं व्हेलोसेट व्हेनम या जुन्या इंग्लिश मोटरसायकलवर घामाघूम होतात, हे मी माझ्या गराजमध्ये बऱ्याचदा बघितलंय. बुलेटला आपण डिकॉम्प्रेसर दाबून ॲमीटरचा, म्हणजे बॅटरीचा करंट दाखवणारा, काटा मधे आणतो आणि मग जोरात लाथ घालतो. इथं इग्निशन मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगी देणाऱ्या यंत्रावर, त्यामुळे काटा काही सांगत नाही, सगळं पायालाच कळायला लागतं, आणि नुसता जोर तर अजिबात चालत नाही. म्हणून क्रमानं लिहितो.

गाडी महिनाभर उभी असेल तर आधी तेल बघा. टाकीतलं तेल हळूहळू खाली इंजिनात झिरपतं, तसंच चालू केलं तर धूर आणि तेल दोन्ही बाहेर, म्हणून खालचा नट काढून ते काढून घ्या आणि टाकीत पुन्हा लेव्हल करा. मग पेट्रोल कॉक उघडा, कार्बचा टिकलर, म्हणजे कार्बमध्ये पेट्रोल भरणारं छोटं बटण, दाबा, बोटाला पेट्रोल लागलं की सोडा. इंजिन गार असेल तर एअर लिव्हर बंद. थ्रॉटल पूर्ण बंद, हे महत्त्वाचं. पहिल्या महिन्यात मी थ्रॉटल जरासा उघडा ठेवला आणि किक अशी उलटी आली की घोटा आठवडाभर सुजला होता.

आता किक. हळूच दाबत न्या, एका जागी पाय अडतो, तेच कॉम्प्रेशन. तिथं थांबा आणि किक पूर्ण वर येऊ द्या. मग हँडलवरचा व्हॉल्व्ह लिफ्टर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलून कॉम्प्रेशन सोडणारा लिव्हर, ओढून किक जेमतेम दोन-तीन बोटं खाली घ्या, म्हणजे पिस्टन टोकावरून जरासा पलीकडे जातो. लिफ्टर सोडा, किक परत वर. आणि आता एकच लांब, सलग किक, खालपर्यंत, हापशाचा दांडा जसा आपण शेवटपर्यंत नेतो तशी. झटका नाही. पिस्टन टोकाच्या पलीकडे असल्यामुळे पुढचं कॉम्प्रेशन यायच्या आधी फ्लायव्हील, म्हणजे इंजिनातलं जड चाक, फिरून वजन पकडतं, आणि ते वजनच पिस्टनला पुढच्या कॉम्प्रेशनवरून नेतं. अर्ध्यात पाय सैल सोडला की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. नीट जमलं तर पहिल्या-दुसऱ्या किकला तो फिशटेल सायलेन्सर बोलायला लागतो, जाड आणि खोल आवाज, एकदा ऐकला की विसरत नाही. लगेच तेलाच्या टाकीचं झाकण उघडून तेल परत येतंय का बघा.

नवीन माणूस विचारतोच की हे सगळं इतकं वेगळं का. कारण हा कारखाना एका घराचा होता आणि ते स्वतःला पटेल तेच करायचे. जर्मनीतून बर्मिंगहॅमला आलेले योहानेस ग्युटगेमान, आधी टेलर आणि मग 1917 पासून जॉन गुडमन, त्यांनी 1905 साली सुरुवात केली. 1913 ला छोटी टू-स्ट्रोक काढली, त्यांच्या व्हेलोस कंपनीची छोटी गाडी म्हणून व्हेलोसेट, आणि तेच नाव चिकटलं. मुलगा पर्सीनं ओव्हरहेड कॅमचं 350 इंजिन केलं. 1925 च्या आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी रेसमध्ये त्यांच्या गाड्या बंद पडल्या, तेव्हा त्यांनी फिरत्या कॅमवर स्ट्रोबचा लाइट मारून व्हॉल्व्ह नेमके कुठं उडतात ते डोळ्यांनी बघितलं, दुरुस्त केलं, आणि 1926 ला ॲलेक बेनेटनं त्यांच्या गाडीवर ज्युनियर टीटी, म्हणजे 350 सीसीचा गट, दहा मिनिटांहून जास्त फरकानं जिंकली. आज आपण पायानं गिअर टाकतो आणि लिव्हर प्रत्येक वेळी जागेवर परत येते ना, ती यंत्रणा याच कारखान्यातल्या हॅरॉल्ड विलिस या इंजिनिअरनं रेसिंगसाठी केली. माझ्या मते ही एकच गोष्ट त्यांचं नाव ठेवायला पुरेशी आहे.

क्लचचंही तसंच. इथं प्रायमरी चेन, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणारी, आतल्या बाजूला आणि मागच्या चाकाची चेन बाहेरच्या बाजूला, बहुतेक गाड्यांच्या उलट. क्लच घसरायला लागला की लोक केबल ताणत बसतात, ते करू नका. मागच्या चेनच्या स्प्रॉकेटच्या भोकातून एक पिन आत घालून स्प्रिंगची रिंग अडवायची आणि मागचं चाक थोडंसं फिरवायचं, ॲडजस्टमेंट तिथं होते, केबलला फक्त थोडा ढिलेपणा ठेवायचा.

व्हेनम 1955 ची, सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव 86 बाय 86 मिलिमीटर, 499 सीसी. मार्च 1961 मध्ये फ्रान्समधल्या माँतलेरीच्या ट्रॅकवर तिनं 24 तास ताशी 100.05 मैलांची सरासरी धरली, कुठल्याही मोटरसायकलनं पहिल्यांदाच, आणि चालवणाऱ्यांत पर्सीचा मुलगा बर्टी गुडमन स्वतः होता. मालक स्वतः रात्री हँडल धरून बसतो, हे मला त्या आकड्याहून मोठं वाटतं.

याच लोकांनी 1948 ला एलई नावाची छोटी मोटरसायकल काढली, 149 सीसी, पाण्यानं थंड होणारी, इतकी शांत की इंग्लंडच्या पोलिसांनी गस्तीला घेतली. सुरुवातीच्या एलईला किकच नव्हती, हातानं लिव्हर ओढून चालू करायची. तिच्या साच्यांवर आणि मशीनवर पैसा खूप गेला आणि सामान्य गिऱ्हाईक तेवढं आलं नाही, मग 1960 च्या सुमाराची व्हाइसरॉय स्कूटर तर चाललीच नाही. फेब्रुवारी 1971 ला बर्मिंगहॅममधल्या हॉल ग्रीनचा कारखाना बंद झाला, शेवटपर्यंत घरच्यांच्याच हातात.

बंद करताना मॅग्नेटोच्या गाडीला चावी शोधू नका, व्हॉल्व्ह लिफ्टर ओढला की इंजिन थांबतं. पेट्रोल कॉक बंद करा, आणि किक हळू दाबून पाय अडेल तिथं पिस्टन सोडा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात, दमट हवा आत जात नाही, आणि सकाळी कॉम्प्रेशन शोधायचं काम आधीच झालेलं असतं.