पहिल्या क्रूझला निघण्यापूर्वी

पहिल्या क्रूझचे नियोजन करताना बहुतेक कुटुंबे केबिन कोणती घ्यावी यावर आठवडे घालवतात आणि विमान मात्र जहाज सुटण्याच्या दिवशीच सकाळचे घेतात. ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण प्रवेश जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधीच बंद होतो आणि उशीर झालेल्या विमानासाठी जहाज सहसा थांबत नाही. बंदराच्या शहरी आदल्या दिवशीच पोहोचावे.

बंदरावर सोपवलेल्या मोठ्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला काही तास, कधी संध्याकाळही होते. तोवर मुले तरणतलावाकडे पाहत हिरमुसून बसू नयेत, म्हणून पोहण्याचे कपडे, औषधे आणि पासपोर्ट हातातल्या पिशवीतच ठेवावेत.

तान्ह्या बाळांना अनेक कंपन्या ६ महिन्यांआधी, तर लांबच्या सागरी सफरींत १२ महिन्यांआधी प्रवेश देत नाहीत, हे आरक्षणापूर्वीच पाहावे. इंटरनेट, शीतपेये आणि सेवाशुल्क बहुधा वेगळे आकारले जाते. मोबाइल फ्लाइट मोडवरच ठेवावा. जहाजावरील उपग्रह नेटवर्कचे रोमिंग शुल्क फार असते. किनाऱ्यावर स्वतंत्रपणे फिरायला उतरल्यास घड्याळ जहाजाच्या वेळेनुसार लावावे, कारण ती स्थानिक वेळेहून वेगळी असू शकते.