कन्व्हेन्शनचे पाच दिवस : बायबल महाविद्यालयात नव्याने येणाऱ्यांसाठी

आमच्या बायबल महाविद्यालयाचा आणि इंदूरच्या हिवाळी कन्व्हेन्शनचा, म्हणजे काही दिवस चालणाऱ्या ख्रिस्ती सभांचा, संबंध माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे. दरवर्षी दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी रात्रभराचा रेल्वेप्रवास करून इंदूरला येतात आणि पाच दिवस मंडपात सेवा करतात. मी स्वतः इंदूरच्या मराठी घरातला. घरी मराठी, मंडळीच्या (चर्चच्या) उपासनेत हिंदी आणि आजीच्या उशाशी मराठी बायबल, अशा वातावरणात मी वाढलो. त्यामुळे विद्यार्थी म्हणून पहिल्यांदा सेवेला आलो तेव्हा आपल्याच गावात नवे काय शिकायचे, असे मला वाटले होते. गेली काही वर्षे मी विद्यार्थ्यांच्या तुकडीबरोबर मार्गदर्शक म्हणून येतो. हे पाच दिवस अभ्यासातून वजा होत नाहीत, अभ्यासाची खरी कसोटी तेथेच लागते, हे नव्या विद्यार्थ्यांना कळावे म्हणून लिहितो आहे.

शिक्षणसंस्था आणि कन्व्हेन्शन यांची जोडी जुनी आहे. इंग्लंडमधील केसिक येथे १८७५ साली तेथील पाळक (चर्चचे धर्मगुरू) हार्फर्ड-बॅटर्सबी आणि त्यांचे क्वेकर या ख्रिस्ती पंथातील मित्र रॉबर्ट विल्सन यांनी तंबू उभारून सभा भरवली. ‘ख्रिस्त येशूमध्ये सर्व एक’ हे बायबलमधील गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातून घेतलेले तिचे ब्रीद आजही कायम आहे. अमेरिकेत सुवार्ताप्रसारक ड्वाइट मूडी यांनी १८८० पासून नॉर्थफील्डला परिषदा भरवल्या आणि शिकागोत बायबल शिक्षणाची संस्थाही उभी केली. म्हणजे सभा आणि शाळा एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी होत्या. १८८६ साली मूडी यांच्याच माउंट हर्मन येथील परिषदेत शंभर विद्यार्थ्यांनी परदेशात मिशनसेवा करण्याचा संकल्प केला. त्यामागे ज्यांची धडपड होती त्यांतील रॉबर्ट वाइल्डर हा कोल्हापुरात, मिशनरी आईवडिलांच्या घरी जन्मलेला तरुण होता, हे वाचले तेव्हा हा इतिहास मला एकदम घरचा वाटू लागला. पंडिता रमाबाईही १८९८ साली केसिकला गेल्या होत्या. १९०५ साली त्यांच्याच केडगावच्या मुक्ती सदनात आध्यात्मिक जागृती झाली, तेव्हा तेथे शिकणाऱ्या मुलींच्या तुकड्या जवळच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. शिकणाऱ्यांनी लोकांत जावे ही अपेक्षा आपल्याकडे आज कोणी नव्याने आणलेली नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. विद्यार्थ्यांकडे गायन, मुलांचे वर्ग, पुस्तकांचे दालन, प्रार्थनेसाठी थांबणाऱ्यांशी बोलणे आणि भाषांतर अशी कामे येतात. पहिल्या तिन्हींविषयी थोडेच सांगतो. पुस्तकांचा हिशेब रोजच्या रोज लिहावा. मुलांच्या वर्गात नेहमी दोघांनी असावे. गायनात नारायण वामन टिळकांची निदान चार-पाच गीते चालीसह तयार ठेवावीत, कारण हिंदी भजनांच्या वेळी गप्प बसलेली वयस्क मंडळी टिळकांचे पद सुरू होताच गाऊ लागतात.

भाषांतराविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. वक्ता हिंदीत बोलतो आणि मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात सतरंजीवर बसलेल्या मराठी वृद्धांसाठी विद्यार्थी हलक्या आवाजात मराठी सांगतो. दोन्ही भाषा लहानपणापासून येत असल्यामुळे मी काहीही तयारी केली नव्हती. दुसऱ्या दिवशी वक्ते म्हणाले की, प्रभूची ‘शिक्षा’ ग्रहण करा. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवण, पण मी तोच शब्द उचलला आणि ‘प्रभूची शिक्षा स्वीकारा’ असे सांगितले. सभा संपल्यावर एक मावशी माझ्याजवळ आल्या. त्यांचा तरुण मुलगा त्याच वर्षी वारला होता. “बाळ, ती शिक्षाच होती का रे? आणि मी ती स्वीकारायची का?” असे त्यांनी विचारले. इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिक्षा करतो, हे वचन त्यांना पाठ होते आणि माझ्या चुकीच्या शब्दाने ते त्यांच्या दुःखाला नेऊन जोडले होते. मी त्यांची क्षमा मागितली, मूळ वाक्य समजावून सांगितले आणि आमच्या प्राध्यापकांना बोलावून आणले. वर्गात शब्दार्थशास्त्राचे पूर्ण सत्र मी उत्तीर्ण झालो होतो, पण एका शब्दाचे ओझे किती असते ते मला त्या संध्याकाळी समजले.

म्हणून माझा आग्रह असा की, भाषांतर करणाऱ्याने आदल्या रात्री वक्त्याकडून शास्त्रभाग मागून घ्यावा आणि तो हिंदी व मराठी बायबलमध्ये शेजारी ठेवून वाचावा. हिंदी बायबल ‘मन फिराओ’ म्हणते तेथे मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करा’ आहे. हिंदीतील ‘अनुग्रह’ आपल्याकडे बहुधा ‘कृपा’ होतो. ऐकणाऱ्यांना जे वचन पाठ आहे त्याच शब्दांत ते त्यांच्या कानी पडले पाहिजे. बंगालमधील श्रीरामपूरहून (सेरामपूर) १८११ साली मराठी नवा करार छापून आला, तेव्हापासून कितीतरी भाषांतरकारांनी एकेका शब्दावर दिवस घालवले आहेत. रमाबाईंनी तर मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले आणि ते काम आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले. त्यांच्या पंक्तीत आपण बसत नाही, पण एक रात्र आपणही देऊ शकतो.

प्रार्थनेसाठी थांबणाऱ्यांशी बोलताना आधी ऐकावे. आजार बरा होईल, नोकरी लागेल, असे कोणतेही आश्वासन आपल्या तोंडून जाऊ नये. विद्यार्थी पाच दिवसांनी परत जातो आणि तो माणूस इंदूरमध्येच राहतो, हे लक्षात ठेवून, त्याची संमती घेऊन, त्याचे नाव त्याच्या मंडळीच्या पाळकांकडे द्यावे. त्याने सांगितलेली खासगी गोष्ट वसतिगृहात चर्चेला घेणे हा मी गंभीर अपराध मानतो.

ही भागीदारी इतकी वर्षे का टिकली, याचे उत्तर मला तिच्या मर्यादांत सापडते. महाविद्यालय कन्व्हेन्शनच्या व्यासपीठावरून प्रवेशाची जाहिरात करत नाही, आणि कन्व्हेन्शनची समिती महाविद्यालयाने काय शिकवावे यात पडत नाही. प्रवासखर्च महाविद्यालय करते. राहण्याजेवण्याची सोय इंदूरची कुटुंबे करतात. एका वर्षी विद्यार्थ्यांना केवळ खुर्च्या लावण्याच्या कामावर ठेवले गेले, तेव्हा आमच्या प्राचार्यांनी तक्रारीचा सूर न लावता समितीबरोबर बसून प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक शिकण्याजोगे काम मिळेल असे लिहून घेतले. तो कागद अजून दोन्हीकडे आहे. खुर्च्या मात्र आजही आम्हीच लावतो, आणि ते योग्यच आहे.

प्रवेश घेण्यापूर्वी पदवीला सेनेट ऑफ सेरामपूर कॉलेज या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या संस्थेची किंवा अन्य कोणाची मान्यता आहे का, हे जरूर विचारावे. त्याबरोबरच विद्यार्थ्यांना सेवेसाठी कोठे पाठवले जाते आणि त्यांच्यासोबत कोण जाते, हेही विचारावे. सोबत शिक्षक येत नसेल तर त्या सेवेतून शिकणे फार थोडे होते.

परतीच्या गाडीत आम्ही प्रत्येकाकडून दोन पानांचा वृत्तांत लिहून घेतो. त्यात किती लोक आले हे लिहायचे नसते. कोणता प्रश्न आपल्याला सोडवता आला नाही, तो लिहायचा असतो. पुढच्या सोमवारी वर्ग त्या प्रश्नांपासूनच सुरू होतो. माझ्या वर्षी पहिला प्रश्न त्या मावशींचा होता आणि प्राध्यापकांनी त्यासाठी सलग तीन तास दिले.